खरखरीचा माग

एप्रिल १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे पेनिन्सुला स्कूल नावाच्या शाळेत होमब्रू कॉम्प्युटर क्लबची बैठक भरली होती. क्लबचं वय जेमतेम दीड महिना. स्टीव्ह डॉम्पिअर नावाचा सभासद आपला ऑल्टेअर ८८०० घेऊन आला आणि त्याचे खटके वरखाली करू लागला. या संगणकाला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. पुढच्या पट्टीवर खटके आणि लाल दिवे, एवढाच संसार. प्रोग्रामचा एकेक आकडा खटक्यांनी आत ढकलायचा. काम होत आलं आणि वायर कोणाच्या तरी पायात अडकली. वीज गेली, मेमरी कोरी. डॉम्पिअरने पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. अखेर प्रोग्राम सुरू झाला आणि संगणकाजवळ ठेवलेल्या छोट्या रेडिओतून बीटल्सचं ‘फूल ऑन द हिल’ वाजू लागलं.

रेडिओ आणि संगणक यांच्यात एकही तार जोडलेली नव्हती.

डॉम्पिअरला हे अपघातानेच सापडलं होतं. घरी तो आकड्यांची क्रमवारी लावणारा एक प्रोग्राम चालवून पाहत होता आणि जवळच रेडिओवर हवामानाची बातमी लागली होती. प्रोग्राम चालला की रेडिओ कुरकुरायचा, थांबला की गप्प. दुसऱ्या कोणी रेडिओ उचलून दुसऱ्या खोलीत नेला असता. याने मात्र प्रोग्राममधलं कोणतं वळण किती वेळा फिरवलं की कोणता सूर उमटतो, याचा हिशेब मांडला. बैठकीत टाळ्यांचा गजर झाला आणि रेडिओने आणखी एक गाणं म्हटलं, ‘डेझी’. बेल लॅब्जमधला संगणक १९६१ साली हेच गाणं गायला होता, त्यामुळे जाणकारांना त्यातली गंमत लगेच कळली.

प्रवाह झटकन बदलला की त्याच्या भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं, आणि प्रवाह ज्या वाटेने जाऊन परत येतो ते वेटोळं अँटेना होऊन बसतं. मेन्लो पार्कच्या शाळेत टाळ्या मिळवणाऱ्या या आवाजाला इंजिनिअर नॉइज म्हणतात, आपण खरखर म्हणतो. ती गप्प करण्यात पुढे कित्येक हुशार माणसांची हयात गेली.

डॉम्पिअरच्या मैफलीत ऑल्टेअरचा पॉवर सप्लाय मात्र निर्दोष होता. तो जुन्या चालीचा, लिनिअर. आत लोखंडी गाभ्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर; तो सुमारे आठ व्होल्टची ढोबळ वीज सगळ्या कार्डांना वाटायचा आणि प्रत्येक कार्डावरचा एक रेग्युलेटर त्यातून स्थिर पाच व्होल्ट काढायचा. उरलेले तीन व्होल्ट उष्णता होऊन हवेत जायचे. म्हणजे रुपयातले सदतीस पैसे तर कार्डावरच जळाले. नळ अर्धवट उघडा ठेवून धार बारीक करावी, तसा हा कारभार. वाया जातं, तापतं, वजनाने कंबर मोडते. पण आवाज नाही.

दुसरी रीत, स्विचिंगची, अशी: नळ पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा, आणि मधे एक हौद ठेवून धार सारखी करायची. स्विच पूर्ण बंद असेल तर प्रवाह नाही, पूर्ण चालू असेल तर त्याच्यावर जवळपास व्होल्टेज नाही. दोन्ही अवस्थांत उष्णता नगण्य. हौदाचं काम कॉइल आणि कपॅसिटर करतात. आणि हे सेकंदाला वीस हजार वेळा केलं तर पन्नास-साठ चक्रांच्या हिशेबाने बांधलेला तो किलोभर वजनाचा ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा होतो. वीस हजार हा आकडा निवडण्यामागे एक साधं कारण होतं: माणसाच्या कानाला तिथून पुढचं ऐकू येत नाही. कानाची सोय झाली. रेडिओला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

खरं तर विचारायचं कारण फार जुनं होतं. १९३० च्या दशकात मोटारीत रेडिओ आले तेव्हा त्यांच्या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट हवे असत आणि मोटारीच्या बॅटरीत सहाच. मधला दुवा होता व्हायब्रेटर: एका छोट्या डब्यात एक पोलादी पात, सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी, बॅटरीची वीज तोडणारी आणि जोडणारी. ती तुटक वीज ट्रान्सफॉर्मर चढवायचा. पात गुणगुणायची आणि तिच्या टोकांवर उडणाऱ्या ठिणग्या त्याच रेडिओच्या अँटेनात घुसायच्या. त्या खरखरीला अमेरिकन दुरुस्तीवाले ‘हॅश’ म्हणत आणि तिच्यासाठी खास चोक, खास कपॅसिटर, पत्र्याची खास पेटी असा जामानिमा असे. स्विचिंग सप्लायचे सगळे गुणदोष त्या डब्यात होते. ट्रान्झिस्टर आल्यावर पात गेली आणि लोकांना वाटलं, कटकट मिटली.

१९७० साली रॉबर्ट बोशर्ट या इंजिनिअरने नोकरी सोडली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्विचिंग सप्लाय बनवायला घेतले. तोवर असे सप्लाय उपग्रहांत, विमानांत, जिथे वजनापुढे पैशाची मोजदाद नसते तिथेच प्रामुख्याने दिसत. बोशर्टने त्यातला एकेक भाग कमी करत किंमत उतरवली; १९७४ पर्यंत तो प्रिंटरसाठी घाऊक माल देत होता आणि १९७७ मध्ये त्याच्या कंपनीत ६५० माणसं होती. दरम्यान उच्च व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होते. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या कंपनीने बॉब मामानो यांनी रचलेली एसजी१५२४ ही चिप बाजारात आणली. स्विच किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवणारा सगळा मेंदू एका तुकड्यात. ज्या कामाला पूर्वी मूठभर सुटे भाग आणि बराच अनुभव लागायचा ते आता डेटाशीट वाचता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखं झालं.

स्टीव्ह जॉब्जला पंखा नको होता. पंख्याच्या घरघरीने माणसाची एकाग्रता मोडते, असं त्याचं मत. पंखा नको तर उष्णता नको, आणि उष्णता नको तर लिनिअर सप्लाय नको. अटारीत काम करणाऱ्या रॉड होल्टने ॲपल २ साठी ३८ वॉटचा स्विचिंग सप्लाय करून दिला आणि तो पत्र्याच्या बंद डब्यात घातला. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ॲपल २ लोकांपुढे आला. सगळ्या जगाने नंतर होल्टचीच नक्कल केली, असं जॉब्ज पुढे सांगत राहिला. बोशर्ट आणि मामानो यांची नावं ठाऊक असलेल्याला हे ऐकून हसू येईल. पण घराघरातल्या टेबलावर, दूरदर्शन संचाच्या शेजारी स्विचिंग सप्लाय नेऊन ठेवण्याचं श्रेय ॲपलला द्यायलाच हवं.

शेजारी टीव्ही, हाच तर घोळ झाला. एका बाजूला सप्लायचा स्विच, दुसऱ्या बाजूला दहा-वीस लाख चक्रांनी धावणारी डिजिटल चिप, आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या खोक्यात. टँडी कंपनीचा टीआरएस-८० हा १९७७ सालचा संगणक ६०० डॉलरला पडद्यासकट मिळे, आणि त्याच्या आजूबाजूला रेडिओ नीट लागत नसे. त्याला आवाजाची सोयच नव्हती, म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी डॉम्पिअरचीच युक्ती उचलली: संगणकाजवळ एएम रेडिओ ठेवा म्हणजे गोळ्या सुटल्याचे आवाज येतील! ग्राहकाला यात मौज वाटत होती. शेजाऱ्याला वाटत नव्हती.

तक्रारी वॉशिंग्टनला पोचल्या. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने, एफसीसीने, १९७९ मध्ये संगणकांसाठी स्वतंत्र नियम मंजूर केले. सेकंदाला दहा हजारांहून जास्त ठोके देणारं कोणतंही डिजिटल यंत्र त्यांच्या कक्षेत आलं. कचेरीतल्या यंत्रांना ‘अ’ वर्ग, घरातल्यांना अधिक कडक ‘ब’ वर्ग. घरगुती यंत्राने विजेच्या तारेत परत सोडायची खरखर, साडेचार लाख चक्रांपासून तीन कोटी चक्रांपर्यंत, २५० मायक्रोव्होल्टच्या आत हवी होती. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, आणि ही खरखर जिथून निघते तो स्विच शंभर-दीडशे व्होल्ट तोडत-जोडत असतो. अटारीने तर आपल्या ४०० आणि ८०० या संगणकांच्या पोटात आधीच ओतीव ॲल्युमिनिअमचं जाड कवच बसवलं होतं. ते उघडणाऱ्याला रणगाडा उघडल्यासारखं वाटे. टँडीने १९८१ च्या सुरुवातीला टीआरएस-८० चं पहिलं मॉडेल बंद केलं. नव्या नियमांत ते बसणं शक्य नव्हतं. खरखरीने घेतलेला हा पहिला नावाजलेला बळी.

नियम आले की फिल्टर आले. इथे गोष्टीला एक विचित्र वळण लागतं, आणि ते नियमांच्याही आधीचं आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डेव्हिड मिडलब्रूक नावाचे प्राध्यापक होते. सप्लायची खरखर बाहेर जाऊ नये म्हणून लोक त्याच्या दारात कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर लावत, आणि कधी कधी तोवर व्यवस्थित चालणारा सप्लाय डोलायला लागे. १९७६ च्या एका शोधनिबंधात मिडलब्रूक यांनी त्याचं कारण मांडलं. चांगला स्विचिंग सप्लाय कमी व्होल्टेज मिळालं तर जास्त प्रवाह ओढतो, कारण पलीकडे द्यायची शक्ती त्याला तेवढीच ठेवायची असते. साध्या बल्बचं किंवा शेगडीचं वागणं याच्या बरोबर उलट. या उलट्या स्वभावाची आणि फिल्टरच्या झोक्याची गाठ पडली की दोघे मिळून झोपाळा हलवत ठेवतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, याचं गणिती रूप. फिल्टर किती ढिला असावा याची मिडलब्रूक यांनी घालून दिलेली अट आजही सप्लाय रचणारा प्रत्येक जण पाळतो किंवा पस्तावतो. त्यांचेच विद्यार्थी स्लोबोदान चुक यांनी त्याच सुमारास एक नवी मांडणी शोधली. तिच्यात दोन कॉइल एकाच गाभ्यावर गुंडाळल्या की एका बाजूचा रिपल, म्हणजे स्विचच्या मूळ तालावर होणारी हेलकाव्यांची लाट, जवळजवळ नाहीसा करता येई. कागदावर ते जादूसारखं दिसतं. कारखान्यात मात्र साध्या मांडण्यांनीच राज्य केलं.

इथवरची फिकीर शेजाऱ्याच्या टीव्हीची होती. ऐंशीच्या दशकात खरखर घरातच शिरली.

कारण एकाच बोर्डावर दोन जातींचे लोक राहायला आले. डिजिटल चिपला शून्य आणि एक एवढंच कळतं. पाच व्होल्टात अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी तिला झोप लागते. ॲनालॉग भाग, म्हणजे मायक्रोफोनचा, तापमापकाचा, हृदयाच्या ठोक्यांचा बारीक संकेत मोठा करणारा आणि त्याचे आकडे करणारा भाग, हा सोवळ्यातला. पाच व्होल्टचे बारा बिटांत तुकडे केले तर एक तुकडा १.२ मिलिव्होल्टचा पडतो. सोळा बिटांत ७६ मायक्रोव्होल्टचा. चोवीस बिटांत एका मायक्रोव्होल्टच्याही तिसऱ्या हिश्श्याचा. आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या स्वस्त स्विचिंग सप्लायचा, म्हणजे एसएमपीएसचा, रिपल पन्नास मिलिव्होल्ट! १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि पुढे पीसीला हेडफोन लावणाऱ्यांना ही भानगड आपल्या कानांनी ऐकता आली. माउस हलवला की कानात बारीक किरकिर, हार्ड डिस्क फिरली की वेगळा सूर. डॉम्पिअरची मैफल परत आली होती, फक्त आता ती कोणाला नको होती.

तेव्हा जो तो म्हणे, एसएमपीएसच्या पुढे एक लिनिअर रेग्युलेटर लावा; उरलीसुरली खरखर तो गिळेल. सल्ला अर्धाच बरोबर होता. रिपल रेग्युलेटर खरोखर गिळतो. पण प्रत्येक वेळी स्विच पडताना जो काटा उठतो तो दहा-वीस नॅनोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्या वेळात रेग्युलेटर जागासुद्धा होत नाही. काटा त्याच्या अंगावरून, शेजारून, जमिनीखालून पलीकडे जातो.

हा काटा आयुष्यभर ज्यांच्या डोळ्यांत सलला ते जिम विल्यम्स.

विल्यम्स १९४८ साली डेट्रॉइटमध्ये जन्मले. कॉलेज अर्धवट सोडलं, पदवी कधीच घेतली नाही, तरी दहा-अकरा वर्षं एमआयटीत उपकरणं रचली आणि नंतर नॅशनल सेमिकंडक्टरमार्गे १९८२ मध्ये मिल्पिटासच्या लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीत आले. तिथे त्यांचं काम होतं चिप कशा वापराव्यात याचे लेख लिहिणं, ज्यांना या धंद्यात ॲप्लिकेशन नोट म्हणतात. बहुतेक कंपन्यांच्या नोट औषधाच्या पुडीतल्या कागदासारख्या असतात. विल्यम्स यांच्या नोट लोक जपून ठेवत. त्यांत तांब्याच्या पत्र्यावर हवेतल्या हवेत डाखलेल्या सर्किटांचे फोटो असत, जुन्या टेक्ट्रॉनिक्स ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या रेघा असत आणि शेवटी बहुधा एक व्यंगचित्र. १९८८ मध्ये ब्रायन हफमन यांच्याबरोबर त्यांनी डीसी-डीसी कन्व्हर्टरवर एक लांबलचक नोट लिहिली. तिच्यावर एका पिढीने हात बसवला.

ऑक्टोबर १९९७ ची त्यांची ७० क्रमांकाची नोट या सगळ्या गोष्टीच्या मध्यावर येते. विषय एलटी१५३३ नावाची चिप, आणि शीर्षकातच दावा: शंभर मायक्रोव्होल्ट. म्हणजे सोळा बिटांच्या एका तुकड्याच्या आसपास, तेही दहा कोटी चक्रांपर्यंतची सगळी खरखर धरून.

त्यामागची कल्पना साधी आणि धंद्याच्या प्रवाहाविरुद्ध जाणारी होती. वीस वर्षं सगळ्यांची धडपड स्विच अधिकाधिक झटकन पाडण्याची. चालू आणि बंद यांच्या मधल्या क्षणी स्विच तापतो, म्हणून तो क्षण जितका छोटा तितकं बरं. पण त्या क्षणाची कड जितकी उभी तितकी खरखर वरच्या पट्टीत चढते. दहा नॅनोसेकंदात पडणाऱ्या स्विचची खरखर तीन कोटी चक्रांपर्यंत सावकाश ओसरते आणि मग झपाट्याने. एका नॅनोसेकंदात पडला तर हाच टप्पा तीस कोटींवर जातो. मूळ ताल वीस हजार आहे की दोन लाख, याने तितका फरक पडत नाही. दोष तालात नव्हता, कडेत होता. एलटी१५३३ मध्ये दोन छोट्या रेझिस्टरनी स्विचची कड हवी तेवढी निवांत करता येई, व्होल्टेजची वेगळी आणि प्रवाहाची वेगळी. थोडी कार्यक्षमता जाई, चिप जरा तापे. काटा मात्र उठतच नसे. फिल्टरने काटा झाकण्यापेक्षा तो उगवूच न देणं, हा विल्यम्स यांचा आवडता मुद्दा.

त्या नोटमधला बराचसा भाग मोजमापावर आहे, आणि जाणकारांच्या मते तोच जास्त मोलाचा. ऑसिलोस्कोपच्या प्रोबला ग्राउंडसाठी एक दहा-बारा सेंटिमीटरची वायर आणि चिमटा असतो. शंभर मायक्रोव्होल्ट मोजायला तो चिमटा लावला की वायर आणि प्रोब मिळून एक वेटोळं तयार होतं आणि पडद्यावर दिसते ती सप्लायची खरखर नसतेच, त्या वेटोळ्याने हवेतून उचललेली असते. कित्येक सप्लाय अशा रीतीने निष्कारण बदनाम झाले असतील. विल्यम्स वायर काढून टाकत, कोॲक्सिअल केबल थेट बोर्डावर डाखत आणि मगच पडद्याकडे बघत.

ही नोट आली तोवर युरोपातही दार लावलं गेलं होतं. १ जानेवारी १९९६ पासून विद्युतचुंबकीय सलोख्याची परीक्षा पास झाल्याशिवाय तिथे कोणतंही इलेक्ट्रॉनिक यंत्र विकता येईना. परीक्षा आली की गाइडही येतात. १९९४ मध्ये लेक्समार्क या प्रिंटरच्या कंपनीतल्या हार्डिन, फेसलर आणि बुश या तिघांनी दाखवून दिलं की घड्याळाचा ताल एका जागी न ठेवता किंचित मागेपुढे डोलवला तर परीक्षेच्या यंत्रावरचं शिखर खाली येतं. परीक्षेचा रिसीव्हर एका वेळी एक लाख वीस हजार चक्रांच्या खिडकीतूनच बघतो. आवाज शेजारच्या खिडक्यांत वाटून दिला की प्रत्येकीत थोडाच दिसतो. सप्लायवाल्यांनीही ही युक्ती लगेच घेतली. एकूण खरखर तेवढीच राहते. नोट मोडून सुट्टे केले म्हणून कोणी गरीब होत नाही.

ज्यांना एका खिडकीतून नव्हे तर सगळ्या तावदानांतून बघायचं असतं त्यांना या सुट्ट्यांचा काहीच दिलासा नाही. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या ज्या ऊर्जेसाठी त्या कान लावून बसतात ती मोजायच्या एककात दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्यं येतात. ती जागा निवडताना आसपास रेडिओ खरखर कमी असणं हे एक कारण होतं. तेव्हा तिथल्या घराघरात एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर नव्हते. आता आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात एकेक छोटा स्विच सतत उघडझाप करतो आहे.

बोर्डावरच्या ॲनालॉग आणि डिजिटल रहिवाशांचं भांडण मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर पेटलं: जमिनीच्या वाटणीवर. ग्राउंड म्हणजे बोर्डातला तांब्याचा सलग थर, जिथून सगळे प्रवाह परत जातात. डिजिटलचा चिखल ॲनालॉगच्या अंगणात येऊ नये म्हणून थराचे दोन तुकडे करायचे आणि एकाच जागी, सप्लायपाशी किंवा कन्व्हर्टरखाली, पूल ठेवायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. चिपवरच एका पायावर ‘ॲनालॉग ग्राउंड’ आणि दुसऱ्यावर ‘डिजिटल ग्राउंड’ लिहिलेलं असताना शंका तरी कोण घेणार? ॲनालॉग डिव्हायसेसच्या पॉल ब्रोकॉ यांनी आपल्या एका गाजलेल्या नोटमध्ये आधीच बजावलं होतं की ग्राउंड म्हणजे काही अथांग समुद्र नव्हे. प्रवाह कुठून निघून कुठे परत जातो ते दर वेळी बोटाने दाखवता आलं पाहिजे.

जून २००१ मध्ये हेन्री ऑट यांनी ‘प्रिंटेड सर्किट डिझाइन’ मासिकात याच विषयावर लेख लिहिला. ऑट बेल लॅब्जमध्ये वाढलेले. खरखर कमी करण्यावरचं त्यांचं १९७६ चं पुस्तक या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वेगवान प्रवाह परत जाताना जवळचा रस्ता शोधत नाही, तो ज्या ट्रॅकवरून आला त्याच्या बरोबर खालून परत जातो, कारण तिथे वेटोळं सर्वांत लहान होतं. मग डिजिटल ट्रॅक डिजिटलच्या हद्दीत ठेवले तर त्यांचा चिखल आपोआप तिथेच राहतो, भिंत बांधायची गरज नाही. उलट जमीन चिरली आणि एखादा ट्रॅक त्या चिरेवरून गेला, की खालचा परतीचा प्रवाह चिरेला वळसा घालायला निघतो आणि इंचभर वेटोळ्याचं हातभर होतं. ज्या भिंतीने वाद मिटायचा तिनेच अँटेना तयार केली. हद्द ठरवा, पण जमीन सलग ठेवा, हा त्यांचा निवाडा. अजूनही कुठे कुठे दोन तुकड्यांचे बोर्ड निघतात. सवय लवकर जात नाही.

सप्लायच्या चिपमध्येही हेच वेटोळं खलनायक होतं. व्होल्टेज उतरवणाऱ्या सप्लायमध्ये दोन स्विच आणि दाराशी एक कपॅसिटर. या तिघांच्या फेरीत प्रवाह नॅनोसेकंदात शून्यावरून अँपिअरवर जातो. सेंटिमीटरभर ट्रॅकचं इंडक्टन्स ढोबळमानाने दहा नॅनोहेन्री धरलं, तर एका नॅनोसेकंदात एक अँपिअर बदलला की त्या सेंटिमीटरवर दहा व्होल्टचा झटका बसतो. पाच व्होल्टच्या बोर्डावर दहा व्होल्ट, आणि तेही तांब्याच्या एका रेघेत! कपॅसिटर एक बोट लांब लावला म्हणून संपूर्ण बोर्ड परत काढायला लागल्याच्या कथा या धंद्यात कुठेही ऐकायला मिळतात. एलटी१५३३ ने कड निवांत केली होती, पण मोबाइल आणि मोटारींच्या जमान्यात कार्यक्षमता सोडायला कोणी तयार नव्हतं. २०१३ च्या सुमारास लिनिअर टेक्नॉलॉजीने एलटी८६१४ मध्ये उभ्या कडा तशाच ठेवल्या आणि वेटोळ्याचे दोन केले, चिपच्या डाव्या आणि उजव्या अंगाला, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन्हींतला प्रवाह उलट दिशांनी फिरतो, दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं थोड्या अंतरावर एकमेकांना खोडून टाकतात. तिला त्यांनी नाव दिलं ‘सायलेंट स्विचर’. नाव ऐकून विल्यम्स यांनी ऑसिलोस्कोप सुरू करून आधी मोजून पाहिलं असतं.

ते पाहायला विल्यम्स नव्हते. जून २०११ मध्ये पक्षाघाताने त्यांचं निधन झालं. १८ जूनला त्यांच्या आठवणीसाठी मित्रमंडळी जमली. त्यांत नॅशनल सेमिकंडक्टरचे बॉब पीझही होते, ॲनालॉगच्या दुनियेतला तितकाच मोठा माणूस. तिथून परतताना पीझ यांची १९६९ सालची फोक्सवॅगन बीटल रस्त्यावरून घसरली आणि त्यातच ते गेले. एका आठवड्यात दोघे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये एक छोटं प्रदर्शन उघडलं. मिल्पिटासहून विल्यम्स यांचं कामाचं टेबल जसंच्या तसं तिथे आणून ठेवलं होतं. टेबलाचा पृष्ठभाग कुठेच दिसत नव्हता: सुटे भाग, केबली, डाखकामाचं सामान, एकमेकांवर चढलेली अर्धवट सर्किटं, आणि त्या ढिगाऱ्याशेजारी त्यांचे ऑसिलोस्कोप. डॉम्पिअरचा रेडिओ जिथे वाजला होता ती मेन्लो पार्कची शाळा तिथून मोटारीने फार दूर नाही.